२५ मिलिमीटर म्हणजे नेमके किती?

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला पडला तो शिडीमुळे. १५ डिसेंबर १८०३ला ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या फौजेने बाहेरच्या तटाला तोफांनी पाडलेल्या खिंडारातून हल्ला केला. आतला तट मात्र शाबूत होता. तिथे ९४व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने शिड्या लावून माणसे वर चढवली आणि आतून दरवाजा उघडला. त्याच मोहिमेतली, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावची लढाई त्याआधी जेमतेम सोळा दिवस, २९ नोव्हेंबरला झाली होती. चिखलदऱ्याला गेलो की त्या तटाखाली उभे राहून मी शिडीचाच विचार करायचो. हा वेढा घरच्या टेबलावर मांडायचा, पण शिपायांऐवजी बुटके, एल्फ आणि राक्षस लढवायचे, असे मी ठरवले.

तट थर्माकोलचा केला, शिड्या उदबत्तीच्या काड्यांच्या. मग जुनी शिशाची मिनिएचर, म्हणजे चिमुकल्या मूर्ती, परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवली आणि थोडी नवीही घेतली. जुन्यांवर २५ मिलिमीटर लिहिलेले, नव्यांवर २८. तीन मिलिमीटरने काय बिघडणार, असे मला वाटले. एक जुना भालाईत नव्या शिपायाशेजारी ठेवला, तर त्याचे डोके शिपायाच्या छातीशी आले. अकोल्याचा मामेभाऊ आला होता. तो म्हणाला, "दादा, हे पोट्टं काहून आणलं लढाईत?" शिड्यांचेही तेच झाले. एकाला पायऱ्या गुडघ्याच्या वर, दुसऱ्याला खाली. चार महिन्यांचे काम आणि बरेच पैसे वाया गेले.

चूक कुठे झाली, ते मूर्तींनी लढाया खेळण्याच्या या छंदाचा इतिहास वाचल्यावर कळले. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले तेव्हा ५४ मिलिमीटरचे खेळण्यातले शिपाई जमिनीवर लढत. पुढे खेळ टेबलावर आला आणि शिपाई लहान झाले. एअरफिक्सचे प्लास्टिकचे शिपाई तर साधारण १/७२ मापाचे, म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस २३ मिलिमीटरचा. १९७१चा 'चेनमेल' आणि १९७४चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळांनी अद्भुत प्राण्यांची मागणी वाढवली. मूर्ती बनवणाऱ्या कंपन्यांपैकी अमेरिकेत राल पार्था १९७५ मध्ये सुरू झाली, इंग्लंडमध्ये सिटाडेल त्या दशकाच्या अखेरीस. सगळ्यांच्या पाकिटावर २५ हाच आकडा, मोजायची रीत मात्र वेगवेगळी. कुणी तळव्यापासून डोक्यापर्यंत मोजायचे, कुणी डोळ्यांपर्यंत. डोळ्यांपर्यंत २५ असेल तर पूर्ण उंची २७च्या जवळ जाते. त्यात दरवर्षी डोकी, मुठी आणि तलवारी थोड्या थोड्या फुगत गेल्या, आणि २५चे २८, २८चे ३२ झाले.

म्हणून सांगतो, पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. विक्रेत्याकडून पट्टीशेजारी ठेवलेला फोटो मागा आणि तळव्यापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर विचारा. माप पायाखालच्या तळापासून घ्यायचे नाही. जुन्या मूर्तींना पातळ शिशाचा तळ असतो, १९८०च्या दशकाच्या मध्यापासून मूर्ती खाचेत बसवायचा जाड प्लास्टिकचा तळ आला, आणि त्याने शिपाई उगाच उंच दिसतो. हाच फरक आपल्या कामीही येतो. ठेंगण्या जुन्या मूर्तीला जाड तळ लावला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक भरून निघतो. डोके आणि मूठ यांचा फरक मात्र कशानेच लपत नाही. तेव्हा एका रांगेत दोन कारखान्यांची माणसे उभी करू नका. एक अख्खी तुकडी जुनी, दुसरी अख्खी नवी, मध्ये हातभर अंतर, एवढे पाळले तर डोळ्याला खटकत नाही. घोडे मात्र एकाच कारखान्याचे घ्या.

राक्षसांची चिंता करू नका. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा एक जनक गॅरी गायगॅक्स याने त्या खेळातले काही विचित्र प्राणी स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरूनच घडवले, आणि राक्षस किती उंच असतो हे कुणी पाहिलेले नाही. माप लागते ते माणसाला, दाराला आणि शिडीला. मी आता आधी एकच शिपाई विकत घेतो, त्याच्या गुडघ्यावरून शिडीच्या पायऱ्यांचे अंतर ठरवतो आणि मगच तट उभा करतो.

दुसरे नुकसान मापाचे नव्हते, आणि ते जास्त गंभीर आहे. उरलेल्या जुन्या मूर्ती मी नव्या प्लायवुडच्या बंद पेटीत ठेवल्या. पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर काहींच्या पायांवर पांढरी पूड जमलेली, दोघांचे भाले गळून पडलेले. प्लायवुड आणि काही लाकडे आम्लाची वाफ सोडतात. बंद जागेत ओलाव्याबरोबर ती शिशाला खाते. काच किंवा साधा प्लास्टिकचा डबा त्यापेक्षा बरा, आणि त्यात ओलावा शोषणारी सिलिकाची पुडी टाकावी. ती पांढरी पूड विषारी आहे. कोरड्या कानशीने घासू नका, फुंकर मारू नका, मास्क लावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करू नका.

अमरावती-अकोल्यात कुणाच्या माळ्यावर जुन्या शिशाच्या मूर्तींची पेटी असेल, तर या आठवड्यात खाली उतरवून पाहा. पूड दिसली, तर ती पेटी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.