यजमान आणि पाहुणा

१९९० साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी पॉलिमरच्या पातळ थरातून विजेच्या योगाने हिरवट-पिवळा प्रकाश काढून दाखविला. अशा दिव्यास आपण ओएलईडी म्हणतो. परंतु प्रकाश देणारे रेणू एकमेकांस फार लगटून बसले, म्हणजे पुष्कळ शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून ते थोडेसेच घेऊन दुसऱ्या पदार्थात विखरून ठेवितात. हा पदार्थ यजमान, प्रकाश देणारा तो पाहुणा. पॉलिव्हिनिल कार्बाझोल हा असाच एक जुना यजमान. विजेपासून मिळालेली शक्ती तो पाहुण्याच्या स्वाधीन करितो. मात्र यजमानाची शक्तीची पायरी पाहुण्याहून उंच हवी. ती खाली असली, तर पाणी उताराकडे धावावे तशी शक्ती यजमानाकडेच परतते आणि दिवा मंदावतो. निळ्या पाहुण्याची पायरी मुळातच उंच. त्यास साजेसा यजमान मिळविणे आम्हांस सर्वांत बिकट काम वाटते, कारण इतक्या उंच पायरीवर विद्युत्कण चढविणेच कठीण.