पुस्तकाचे परीक्षण कसे लिहावे?



आपल्या घरात पुस्तके आली, आपली मुले-मुली त्यांवर चार ओळी लिहू लागली, ही मोठीच गोष्ट आहे. पण 'अप्रतिम ग्रंथ, प्रत्येकाने संग्रही ठेवावा' एवढ्यावर परीक्षण संपते. देव्हाऱ्यापुढची आरती आपण सोडली. ती पुस्तकापुढे कशाला म्हणावी?

परीक्षण कसे असावे हे बाबासाहेबांकडूनच शिकावे. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, 'प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन' हा समाजाच्या पुनर्रचनेवरील ग्रंथ लिहिला. बाबासाहेबांनी १९१८ साली इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे परीक्षण केले. तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती. महाराष्ट्र शासनाच्या १९७९ च्या पहिल्या इंग्रजी खंडात ते वाचायला मिळते.

त्यांनी आधी आपला वाचक ओळखला. रसेल युद्धाच्या विरोधात आहेत, म्हणजे हातावर हात ठेवून बसा असे सांगतात, असा सोयीचा अर्थ इथला वाचक काढील, हे त्यांनी हेरले. म्हणून शक्ती वापरणे वेगळे आणि हिंसा करणे वेगळे, हे त्यांनी प्रथम स्पष्ट केले. लेखकावर अन्याय होऊ दिला नाही.

मग मतभेद मांडला. पैशाच्या लोभाने माणूस खुरटतो, असे रसेल म्हणतात. बाबासाहेब विचारतात, पैसा हवा तो कशासाठी? हेतू पाहिल्याशिवाय निकाल कसा द्यावा? जग टंचाईत होते, श्रमाला फळ थोडे होते, म्हणून जुन्या नीतिवाद्यांनी दारिद्र्याचे गोडवे गायले, असे कारणही ते देतात. 'आहे त्यात समाधान माना' हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या आपल्या माणसांना या कारणाचे मोल वेगळे सांगायला नको.

तेव्हा आपणही लेखकाचे म्हणणे आधी असे मांडावे की तो स्वतः 'होय, हेच' म्हणेल. हे सर्वांत अवघड, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. आक्षेप घेताना पान क्रमांक द्यावा. लेखक आपला की परका, यावरून निकाल देऊ नये. केवळ ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले होते. ते आपल्या आवडत्या लेखकालाही लागू आहे.

लिहून झाले की घरातल्या, पुस्तक न वाचलेल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. आई जिथे 'कशावरून?' म्हणेल, तिथे पुरावा घाला आणि मगच पाठवा.

जयभीम.