पिंडारीच्या वाटेवरचे दोन जादा दिवस

(द्वितीय वर्ष बी. ए., भूगोल)

आमच्या घरात हिमालय म्हणजे बद्रीकेदार. आजीची ती यात्रा राहून गेली, एवढाच त्या पर्वताशी आमच्या घराण्याचा संबंध. कॉलेजात आलेला घरातला मी पहिलाच. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे मित्र कुमाऊंमधील पिंडारी हिमनदीपर्यंत पायी जाणार आहोत असे सांगितले, तेव्हा अण्णांनी एवढेच विचारले, “तिथं देव कोणता?” देव नाही म्हटल्यावर ते गप्प बसले.

प्रस्तुत लेख हे प्रवासवर्णन नव्हे, कारण प्रवास अजून व्हायचा आहे. ही त्या प्रवासाच्या आखणीची हकीकत आहे. आणि आखणी करताना हवामानाचे जे धडे परीक्षेपुरते पाठ केले होते ते नव्याने वाचावे लागले, त्याची नोंद आहे.

पहिला आराखडा आम्ही वसतिगृहात एका संध्याकाळी तयार केला. नाशिक रोडहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, तेथून अल्मोड्यावरून बागेश्वर. पुढे कपकोटमार्गे जीप जाईल तेथपर्यंत जायचे आणि मग पायी खाती, द्वाली, फुरकिया व शेवटी झीरो पॉइंट, जेथून हिमनदीचे दर्शन होते. एकूण अकरा दिवस, आणि अकराही दिवस भरलेले. एका दिवसाचीही उधळपट्टी नाही याचा आम्हांला अभिमान वाटत होता. तो कागद आम्ही भूगोलाच्या सरांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो दोनदा वाचला आणि विचारले, “छान आहे. पण यात पाऊस कोणत्या दिवशी पडणार आहे?”

आम्ही हसलो. पाऊस कसा पडेल? उत्तराखंडातून नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण सप्टेंबरअखेरीस माघार घेतात. ऑक्टोबरात आकाश धुतल्यासारखे निरभ्र, शिखरे स्पष्ट, नद्यांचे पाणी उतरलेले. म्हणून तर हा हंगाम निवडला! सर म्हणाले, “ती सरासरी झाली. तुम्ही सरासरीत जाणार नाही, एका विशिष्ट आठवड्यात जाणार आहात.”

त्यानंतर आठ दिवस मी ग्रंथालयात बसून होतो. शरद ऋतूतील हिमालयाचे हवामान मुख्यतः दोन दिशांनी बिघडते. पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने, पश्चिमी विक्षोभ येतात. त्यांचा खरा जोर हिवाळ्यात. पण एखादा ऑक्टोबरातही येतो आणि उंचावर बर्फ टाकून जातो. दुसरी दिशा बंगालच्या उपसागराची. मोसमी पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे चक्रीवादळे होतात, हे आम्ही शाळेपासून शिकलो आहोत. पण ती आंध्र-ओडिशाची गोष्ट, हिमालयाशी तिचा काय संबंध, अशी माझी समजूत होती. २०१४ सालची हकीकत वाचली आणि ती समजूत गेली. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ हे चक्रीवादळ विशाखापट्टणजवळ किनाऱ्यावर आले. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकले आणि १४ ऑक्टोबरला नेपाळात, अन्नपूर्णा परिसरात, प्रचंड बर्फवृष्टी झाली. ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीत व आसपास किमान ४३ माणसे मृत्युमुखी पडली. हाही पदभ्रमणाचा ऐन हंगाम. समुद्रकिनारा आणि ती खिंड यांमध्ये दोन दिवसांचे अंतर होते. म्हणजे दोन दिवसांची सूचना जगात होती; वाटेवरच्या कित्येक माणसांपर्यंत ती पोहोचली नाही.

दुसरे उदाहरण तर आमच्याच वाटेवरचे. १८ व १९ ऑक्टोबर २०२१ या दोन दिवसांत उत्तराखंडात अतिवृष्टी झाली. कुमाऊंमधील मुक्तेश्वर येथे चोवीस तासांत ३४०.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील माझ्यासारख्याला हा आकडा वाचून क्षणभर काही सुचेना. आमच्याकडे एवढ्या पावसावर पिकाचा हंगाम काढतात. वर उंचावर तोच पाऊस बर्फ होऊन पडला. पिंडारीशेजारच्या सुंदरढुंगा खोऱ्यात पदभ्रमणासाठी गेलेली माणसे दगावली, आणि आमच्या आराखड्यात दुसऱ्या मुक्कामाला असलेल्या द्वाली येथे अडकलेल्यांना सोडवून आणावे लागले. त्या वेळी हवामान खात्याने लाल इशारा आधीच दिलेला होता.

येथे एक स्वतःची फजितीही सांगतो. गेल्या ऑक्टोबरात आम्ही तिघे बारी गावातून कळसूबाईला निघालो, तेही अकरा वाजता. परतताना तिसऱ्या प्रहरी परतीच्या पावसाने गाठले. लोखंडी शिड्या ओल्या, वारा सुटलेला, आणि आमच्या अंगावर सुती शर्ट व जाड जीनची पँट. खाली येईपर्यंत एका मित्राला शर्टाचे बटण लावता येईना. बोटे वळतच नव्हती. आम्ही त्याची थट्टा केली. आता वाचनात आले की अनावर कापरे भरणे आणि बोटांनी बारीक काम न होणे ही शरीराचे तापमान उतरू लागल्याची पहिली लक्षणे होत. ते ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो. कळसूबाई १,६४६ मीटर. झीरो पॉइंट सुमारे ३,६०० मीटर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान घटते हे सूत्र लावले, तर तीच ओली पँट तेथे आणखी बारा-तेरा अंश कमी तापमानात अंगावर असणार. थट्टा केल्याची लाज वाटली.

म्हणून नव्या आराखड्यात कपड्यांचा विचार थंडीपेक्षा ओलीचा धरून केला आहे. सुती कापड पाणी धरून ठेवते, लोकर भिजली तरी काही ऊब राखते. रात्रीचा एक कोरडा जोड काही झाले तरी दिवसा अंगात घालायचा नाही. पाठपिशवीच्या आत खताच्या गोणीतले प्लास्टिकचे अस्तर, स्वच्छ धुऊन. विकतच्या आवरणापेक्षा ते टिकाऊ आहे हे मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणून छातीठोकपणे सांगतो. बुटांबद्दल एवढेच, की ते तीन महिने आधी घेऊन रोज वापरायचे.

उजेडाचा हिशेबही चुकला होता. भारतभर घड्याळ एकच. पण कुमाऊं आपल्यापेक्षा पूर्वेला व उत्तरेला असल्याने शरदात तेथे सूर्य नाशिकपेक्षा सुमारे अर्धा तास आधी मावळतो, म्हणजे साडेपाचच्या सुमारास. अरुंद खोऱ्यात ऊन त्याहीपूर्वी जाते. फुरकिया ते झीरो पॉइंट सुमारे ७ किलोमीटर, आणि रात्रीच्या मुक्कामाला पुन्हा फुरकियालाच उतरायचे. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन तृतीयांशच असतो, तेव्हा सह्याद्रीतला वेग धरून चालणार नाही. पहाटे निघायचे आणि अकरा वाजता जेथे असू तेथून परतायचे, हिमनदी दिसो वा न दिसो. कोणाचे डोके दुखून मळमळू लागले तर त्याला एकट्याला न पाठवता सर्वांनी उतरायचे. बागेश्वरला शेवटचा हवामान अंदाज पाहायचा. वर मोबाइलचा भरवसा धरायचा नाही. बागेश्वर जिल्ह्याला नारिंगी वा लाल इशारा असेल, किंवा बंगालच्या उपसागरातले वादळ उत्तरेकडे वळण्याचा अंदाज असेल, तर पुढे पाऊल टाकायचे नाही.

हे सारे लिहून काढताना आमच्यात भांडण झाले. एक मित्र म्हणाला, “एवढे पैसे घालून इतक्या लांब जायचं आणि घड्याळ बघून परत फिरायचं?” मला त्याचा राग आला नाही, कारण तो माझ्याही मनातले बोलत होता. माझ्या वाट्याला दहा हजार रुपये येतात. ते मी मागच्या उन्हाळ्यात कांद्याच्या खळ्यावर काम करून जमवले आहेत. डोंगरावरच्या चुका अज्ञानामुळे होतात असे पुस्तकात लिहितात. मला वाटते, पुष्कळदा त्या परतीच्या तिकिटामुळे होतात. ज्याच्या गाठी एकही दिवस शिल्लक नाही, त्याला वर ढग दिसले तरी चालावेच लागते. कारण थांबला तर गाडी चुकते, आणि गाडी चुकली तर दुसऱ्या तिकिटाला पैसे नाहीत. श्रीमंत माणूस सहज परत फिरतो, पुढच्या वर्षी पुन्हा येईन म्हणतो. आमच्यासारख्यांना ‘पुढचे वर्ष’ बहुधा नसते, आणि म्हणूनच आम्ही जास्त धोक्यात असतो. सरांच्या प्रश्नाचे उत्तर एकच होते. अकरा दिवसांचे तेरा करायचे, दोन दिवस कोरे ठेवायचे आणि त्या दोन दिवसांच्या खाण्याराहण्याचे पैसे आधीच बाजूला काढायचे. माझ्यापुरते ते चौदाशे रुपये होतात, आणि तेवढे माझ्याजवळ नव्हते.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा हे अण्णांना सांगितले. दोन दिवस काही न करण्यासाठी चौदाशे रुपये मागताना जीभ अडखळत होती. ते रागावतील असे वाटले. अण्णा म्हणाले, “एका पेरणीपुरतंच बी घरात ठेवणारा माणूस पाह्यलास का तू आपल्या गावात? पाऊस दडी मारतो. दुबार पेरायला बी लागतंच. नाही लागलं तर खायला होतं.” आणि त्यांनी कोठीतल्या बाजरीचे एक पोते विकायला काढले. जे समजायला मला आठ दिवस ग्रंथालयात बसावे लागले, ते त्यांना एका वाक्यात ठाऊक होते. (त्यांनी नंतर हेही विचारले की, तो कोरा दिवस उरलाच तर बागेश्वरला देऊळ आहे ना? आहे. सरयू आणि गोमतीच्या संगमावर बागनाथाचे.)

आता आराखड्याच्या तीन प्रती झाल्या आहेत. एक आमच्याजवळ राहील. एक खातीला, म्हणजे वाटेवरच्या शेवटच्या गावात, जेथे उतरू त्या घरी ठेवू. तिसरी आमच्या घरी दाराआडच्या खिळ्याला अडकवली आहे. कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कोठे कळवायचे ते तीत लिहिले आहे. अण्णांना वाचता येत नाही. म्हणून धाकट्या बहिणीने तो कागद त्यांना दोनदा वाचून दाखवला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल काढून दिला आहे.