आधी वजन, मग अक्षर

नांगरट झाल्यावर पहिला पाऊस पडून गेला, की आपल्या पलूसच्या काळ्या रानात कधीमधी तांब्याचं नाणं उघडं पडतं. सापडलं की लगेच घासायला बसू नकोस, बाळा. चिंच नको, लिंबू नको, राख तर मुळीच नको. तुझ्याएवढा होतो तेव्हा मी एक शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, चिंचेनं लख्ख केली. तांबं चकाकलं, पण कडेच्या ठिपक्यांची माळ गेली आणि 'राजा'तला 'जा'ही गेला. ते अजून मनाला लागून आहे. साध्या पाण्यात दिवसभर भिजव, मऊ फडक्यानं टिपून घे. खाचेतली माती कडुनिंबाच्या काडीनं काढ, टाचणीनं नको.

मग सोनाराकडून वजन करून आण. झीज झाली तरी वजन बरंच सांगतं. शिवराई साधारण तोळ्याच्या आसपास भरते, इंग्रजांचा तांब्याचा पाव आणा, म्हणजे पैसा, साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर.

अक्षरं बघायची ती सकाळच्या तिरप्या उन्हात. नाणं बोटांत धरून हळूहळू फिरव. डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसतं तेच सावली पडली की उठतं. शिवराईवर एका बाजूला वर 'श्री', मध्ये 'राजा', खाली 'शिव'. दुसऱ्या बाजूला 'छत्र' आणि त्याखाली 'पति'. पण सगळं एका नाण्यावर मिळेल अशी आशा धरू नकोस. ठसा नाण्याहून मोठा आणि घाव हातोड्याचा, त्यामुळे काही ना काही कडेबाहेर जायचंच. 'श्री'ची वेलांटी सापडली तरी वाट मिळते.

शिवराईवर सहसा साल नसतं, ते शोधत बसू नकोस. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनची ही नाणी पुढं पेशवाईतही पडत राहिली. म्हणून शिवराई दिसली की ती शिवाजी महाराजांच्याच हयातीतली, असं कुणाला छातीठोक सांगू नकोस. अक्षर रेखीव, वजन भरीव, तर जुनी असण्याचा संभव जास्त. अक्षर ओबडधोबड, तर नंतरची. मधोमध दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, अगदी अखेरच्या काळातली.

इंग्रजी पैशावरचं साल झिजलं असेल तर चेहरा कुठं बघतोय ते बघ. चेहराच नाही, सिंहांचं चिन्ह आहे, तर ईस्ट इंडिया कंपनीचा, १८५८ पर्यंतचा. मुकुट घातलेली राणी डावीकडं बघते. 'क्वीन' असेल तर १८७७ च्या आधीची, 'एम्प्रेस' असेल तर नंतरची. बिनमुकुटाचा राजा एडवर्ड उजवीकडं. त्याचा पैसा पाच ग्रॅमच्या आत भरला तर तो १९०६ किंवा त्यानंतरचा, कारण त्या साली तांब्याऐवजी कांसं आलं आणि वजन घटलं. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला.

ओळख पटली की कागदाच्या पुडीत ठेव आणि वर लिही: कुठलं रान, कुठला बांध, कुठली तारीख. आणि एकाऐवजी गाडगंभर नाणी लागली, तर वाटून घेऊ नका, कलेक्टरांना कळवा. १८७८ पासून तसा कायदाच आहे.