घरी बसून नोकरी

सन 2020 च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. पुण्याजवळ हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आहेत. तेथे नोकरी करणारी आपल्याकडची मुले गावी परतली. कचेरी बंद, पण काम चालूच. ते आता घरी बसून करायचे.

काटेवाडीचा असा एक मुलगा आमच्या ओळखीचा. प्रथम घरची मंडळी खूष होती. पोरगा घरचे जेवतो, खोलीचे भाडे वाचते, आणखी काय हवे? पण घरी आहे म्हणजे मोकळा आहे, असे सगळ्यांस वाटे. आई म्हणे, "बाळा, डेअरीला दूध घालून ये." वडील म्हणत, "मोटर चालू करून ये रे." आम्हीही ओट्यावरून विचारले, "काय रे, सुट्टी संपली नाही का अजून?" तो नुसता हसला. ते बोलणे त्याला किती लागले, हे आम्हांस पुढे कळले.

रेंज मिळावी म्हणून तो माडीच्या खिडकीपाशी बसे. वीज गेली की त्याच्या पोटात गोळा येई. पूर्वी कचेरी सुटली की काम सुटे. आता रात्री दहालाही साहेबाचा फोन. बरोबरीचे सोबती नाहीत, चहाच्या गप्पा नाहीत. त्या वर्षी तुकोबांची पालखीही पायी आली नाही. पादुका एस. टी. ने पंढरपूरला गेल्या. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण झाले नाही. माणसांत मिसळण्याचा तोही दिवस गेला.

त्याची झोप उडाली. तो साध्या बोलण्यावर चिडू लागला. शेजारी म्हणाले, बाहेरचे असेल. अंगारा झाला, उतारा झाला. बाहेरचे काही नव्हते. शरीर थकते तसे मनही थकते. साथीच्या पहिल्या वर्षात चिंता व उदासी हे विकार जगभर सुमारे 25 टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली सांगितले.

एका रात्री आई माडीवर गेली. तो अंधारात जागाच होता. ती काही न विचारता जवळ बसली. मग तो पहाटेपर्यंत बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी वडील त्याला बारामतीस डॉक्टरांकडे घेऊन गेले. औषध मिळाले. कामास बसण्याची व उठण्याची वेळ ठरली. संध्याकाळी फोन घरी ठेवून तो रानात फिरून येऊ लागला. बरे वाटायला तीन-चार महिने लागले.

आता सरकारची 'टेलि-मानस' ही सोय आहे. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. मराठीत बोलता येते. पैसे पडत नाहीत.

घरून काम वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. लेकुरवाळ्या बाईची नोकरी त्यामुळे टिकते. मात्र भाकरीही तिनेच थापायची आणि संगणकही तिनेच चालवायचा, हे काही बरे नव्हे.

तो मुलगा आता आठवड्यातून तीन दिवस पुण्यास जातो. इतर दिवशी माडीचे दार लावलेले असले की आई दूध स्वतःच घेऊन जाते.