ख्वे नदीवरील पूल

माझे वडील रेल्वेत मुकादम होते. मनमाडहून नांदेडकडे जाणारा लोहमार्ग मीटर गेजचा होता, तेव्हापासून त्यांनी रुळांची देखभाल केली. पहाटे गँगमनांची हजेरी घ्यावी, प्रत्येकास नावाने हाक मारावी आणि मग पहारी, फावडी, हातोडे घेऊन सर्वांनी कामास निघावे, असा त्यांचा छत्तीस वर्षांचा क्रम. ज्याचे नाव हजेरीत नाही त्याने रुळावर पाऊल ठेवायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. त्यांच्या खिशात एक लहानशी वही असे. कोठे चावी सैल झाली, कोठे खडी खचली, याची टिपणे किलोमीटरच्या आकड्यासह तीत उतरत. निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. आता वहीत दुधाचा हिशेब असतो, एवढेच.

त्यांची मुलगी, म्हणजे मी, नोकरीनिमित्त थायलंडमध्ये बँकॉक शहरी आले, त्यास सहा वर्षे झाली होती. परत ये, असे वडील कधी म्हणाले नाहीत. मात्र दर रविवारी दूरध्वनीवर ते एक प्रश्न हमखास विचारीत, "तिथं तुला ओळखणारं कोण आहे?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. खरे उत्तर मला ठाऊक नव्हते.

परदेशात नोकरी करणे म्हणजे रोज नवे काही पाहणे, असे आपणांस दुरून वाटते. प्रत्यक्षात बराचसा वेळ कागदपत्रे सांभाळण्यात जातो. थायलंडमध्ये राहणाऱ्या परकीयास दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता सरकारी कचेरीस कळवावा लागतो. मायदेशी जाऊन यायचे, तर परत येण्याचा परवाना आधीच काढून ठेवावा लागतो. तो विसरला, तर राहण्याची परवानगीच संपते. भाषेची अडचण याहून मोठी. थाई भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'क्लाइ' हा शब्द सपाट सुरात म्हटला तर त्याचा अर्थ 'दूर', आणि तोच वरून खाली उतरणाऱ्या सुरात म्हटला तर 'जवळ'! पहिल्याच आठवड्यात बाजार जवळ आहे असे समजून मी भर उन्हात तासभर चालले होते.

माझे नावही तेथील लोकांच्या जिभेवर बसेना. थाई माणसास ठेवलेल्या नावाखेरीज हाकेचे एक छोटे नाव असते. कोणी 'लेक' म्हणजे लहान, कोणी 'मू' म्हणजे डुक्कर. त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. कारखान्यातील सोबत्यांनी माझे नाव 'नोक' ठेवले. नोक म्हणजे पाखरू. हे वडिलांस कळवले, तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बारशाला ठेवलेलं नाव इतकं जड होतं का गं?"

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात आई आणि वडील प्रथमच माझ्याकडे आले. सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे. देव आणि असुर वासुकीस ओढीत आहेत, हे पाहून आईने तेथेच हात जोडले, आणि मागून येणाऱ्या प्रवाशांची वाट अडली. घरी पोहोचल्यावर मी दोघांची घड्याळे दीड तास पुढे केली, आणि पाहुणे आल्याची वर्दी सरकारी कचेरीस दिली. परकीय पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत ती द्यावी लागते. "म्हणजे पोलिसपाटलाला कळवल्यासारखंच की," वडील म्हणाले. ही व्यवस्था त्यांना पसंत पडली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या मोटारसायकली उभ्या असतात. चालकांच्या अंगात नारिंगी जाकीट, आणि त्यावर क्रमांक. त्यांतील एकाने आमच्या पेट्या आपण होऊन दारापर्यंत आणून दिल्या. "कोण हा?" वडिलांनी विचारले. "सात नंबर," मी म्हणाले. सहा वर्षे मी त्यास याच नावाने ओळखत होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिले, पण ते काही बोलले नाहीत.

दोन दिवस शहर पाहण्यात गेले. राजवाड्याच्या आवारातील मंदिराच्या भिंतींवर संपूर्ण रामकथा रंगवलेली आहे. तिला तेथे 'रामकियन' म्हणतात. या कथेतील हनुमंत ब्रह्मचारी नाही, हे कळल्यावर आईस जे वाटले ते येथे न लिहिणे बरे! आईचा कार्तिकमास पाळण्याचा नेम होता. तिच्यासाठी मी पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत 'जे' असे थाई लिपीत लिहिलेली खाणावळ शोधली. या 'जे' जेवणात मांसमासळी तर नसतेच, पण कांदालसूणही नसतो.

तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "आता मला तो रेल्वेचा पूल दाखव." त्यांच्या गुडघ्यांस प्रवास सोसेल का, ही चिंता मला होती, परंतु त्यांच्यापुढे काही चालले नाही. तारीख होती १५ नोव्हेंबर. त्या दिवशी आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमा होती.

सकाळी आम्ही चाओ फ्राया नदीच्या पश्चिमेस असलेल्या थोनबुरी स्थानकावर गेलो. तिकिटावरील साल पाहून वडील चमकले. तेथे २५६७ असे छापले होते! थायलंडमध्ये बुद्धसंवत् चालतो, आणि तो आपल्या नेहमीच्या सनाच्या ५४३ वर्षे पुढे आहे. मग त्यांनी स्थानकावरील पाटीविषयी विचारले. मी वाचून दाखवले, "सथानी रोट फाय." 'सथानी' हा शब्द आपल्या स्थानकाच्याच मुळाचा, 'रोट' म्हणजे रथ, आणि 'फाय' म्हणजे अग्नी. वडील एकदम हसले. "अगं, ही तर आपली आगगाडीच!" ते म्हणाले, आणि वही काढून त्यांनी तो शब्द टिपून घेतला.

तिसऱ्या वर्गाचा डबा, उघड्या खिडक्या, आणि बाहेर भाताची शेते. नाखोन पथोम येथे भल्या मोठ्या स्तूपाचा कळस गाडीतून दिसला; फेरीवाल्या बाईकडून आईने सोललेली पपनस घेतली. वडिलांचे लक्ष कशातच नव्हते. ते डोळे मिटून रुळांचा आवाज ऐकत होते. "मीटर गेज," ते मधेच म्हणाले. नोंग प्लाडुक हे जंक्शन गेले, तेव्हा मात्र त्यांनी डोळे उघडले. आम्हांस हव्या असलेल्या लोहमार्गाचा प्रारंभ येथूनच होतो.

या मार्गाची हकिगत अशी. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश जिंकला. तेथील सैन्यास रसद पोहोचवण्यासाठी थायलंडमधून डोंगर व अरण्य फोडून ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग घालण्याचे काम १९४२ साली सुरू झाले. १९४३ च्या ऑक्टोबर महिन्यात दोन्ही बाजूंचे रूळ एकमेकांस येऊन मिळाले. एवढ्या थोड्या अवधीत हे घडले ते माणसांच्या जिवावर. साठ हजारांहून अधिक युद्धकैदी या कामावर जुंपले होते. त्यांपैकी बारा हजारांहून अधिक मरण पावले. आशियातील मजूर त्याहून कितीतरी अधिक, दोन लाखांच्या आसपास होते. ब्रह्मी होते, जावातील होते, आणि मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणारी तमिळ माणसे तर हजारोंनी होती. कित्येकांना चांगल्या मजुरीचे आमिष दाखवले, कित्येकांना बळजबरीने नेले. अपुरे अन्न, मार, हिवताप, आणि १९४३ च्या पावसाळ्यात पटकीची साथ! कैद्यांबरोबर निदान त्यांचे लष्करी वैद्य होते. मजुरांस तेवढाही आधार नव्हता. त्यांच्यापैकी नव्वद हजारांच्या आसपास दगावले असावेत. असावेत, असेच म्हणावे लागते, कारण त्यांची नीट मोजदाद कोणी ठेवली नाही.

कांचनाबुरी स्थानकापासून जवळच युद्धातील मृतांची दफनभूमी आहे. तेथे जवळजवळ सात हजार कैद्यांच्या कबरी आहेत. इंग्रज, ऑस्ट्रेलियन आणि डच. हिरवळ नीट कापलेली, प्रत्येक कबरीपाशी फुलझाड, आणि बुटक्या दगडावर बसवलेल्या पट्टीवर नाव, पलटण, वय. वडील एकेक पट्टी वाचीत सावकाश चालले. बावीस वर्षे. चोवीस वर्षे. एकोणीस वर्षे. एका रांगेच्या टोकाशी ते थांबले.

"आणि मजुरांच्या कबरी कुठं आहेत?"

मी सांगितले, की मजुरांना जंगलात जागोजागी पुरले, काहींना सामुदायिक खड्ड्यांत. नावांचे दगड त्यांच्या वाट्यास आले नाहीत.

"रोज सकाळी कामावर उभं केलं असेल ना त्यांना?" वडील म्हणाले. "मग हजेरी कुणीच घेतली नाही?"

यावर मी काय बोलणार! आईने त्यांच्या हातातील छत्री घेतली आणि आम्ही बाहेर पडलो.

पुलाकडे जाण्यास 'सोंग थेव' मिळते. सोंग थेव म्हणजे दोन रांगा. गाडीत समोरासमोर दोन बाके असतात, म्हणून हे नाव. ख्वे नदीवरील हा पूल लोखंडी आहे. त्यावरून आजही आगगाड्या जातात, आणि मधल्या वेळात लोक पायी चालतात. वडिलांनी पुलावर पाऊल ठेवण्यापूर्वी वाकून रुळास हात लावला. पुलाच्या कमानी गोलाकार आहेत, पण मधले दोन गाळे सरळ रेषांचे. "हे दोन मागून बसवलेत," त्यांनी पाहताक्षणी सांगितले. ते खरेच होते. बाकीचे सांगाडे जावा बेटातून आणलेले. १९४५ साली बॉम्बफेकीत पूल मोडला, तेव्हा युद्धानंतर त्या जागी हे नवे दोन घातले. एवढ्यात गाडी आली. पुलाच्या कडेस उभे राहण्यासाठी लहान सज्जे आहेत, त्यांपैकी एकात आम्ही शिरलो. गाडी अगदी हळू गेली. खिडक्यांतून मुले हात हालवीत होती. वडिलांनीही हात केला, परंतु त्यांची नजर चाकांखाली होती.

पुलापासून जवळच जपानी सैन्याने १९४४ साली उभारलेले एक स्मारक आहे. त्यावर निरनिराळ्या भाषांतील मजकूर कोरलेला आहे. वडिलांनी एका मजकुराकडे बोट दाखवले. "ही तमिळ. रेल्वेच्या पासावर मद्रासला गेलो होतो, तिथल्या पाट्यांवर पाहिलीय." त्यांना एकही अक्षर वाचता येत नव्हते. तरीही ते त्या दगडापुढे इतका वेळ उभे राहिले, की आई म्हणाली, "अहो, वाचून होत नाही का अजून?"

तिन्हीसांजेस नदीकाठी गर्दी लोटली. थाई लोकांचा 'लोय क्राथोंग' हा सण त्यांच्या बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस येतो, आणि बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेशी जुळतो. केळीच्या खोडाची चकती घेतात, तिच्याभोवती केळीची पाने दुमडून कमळासारखा आकार देतात, मधे फुले, मेणबत्ती आणि तीन उदबत्त्या. हा क्राथोंग नदीत सोडतात. नदीस थाई भाषेत 'मे नाम' म्हणतात. 'मे' म्हणजे आई, 'नाम' म्हणजे पाणी. वर्षभर तुझे पाणी वापरले, मलिन केले, त्याची क्षमा कर, अशी प्रार्थना या दिवशी 'मे खोंगखा'स करतात. मे खोंगखा म्हणजे गंगामाई! आई नाशिककडची, तिकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात, आणि द्रोणात दिवे सोडतात. तिला काहीच समजावून सांगावे लागले नाही. क्राथोंग विकणाऱ्या म्हातारीने तिला 'मे' अशी हाक मारली, तेव्हा आईने सहज 'ओ' दिली.

आम्ही तीन क्राथोंग घेतले. वडील आपला हातात धरून पायरीवर उभेच राहिले.

"त्यांच्या नावानं सोडावा म्हणतो," ते म्हणाले. "पण नाव तर एकही ठाऊक नाही. आणि आपण त्यांचे कोण?"

आईने आपली मेणबत्ती त्यांच्या मेणबत्तीस लावून ती पेटवली. "ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठी सर्वपित्री असतेच ना," ती म्हणाली. "सोडा. उगाच वात विझेल."

वडील गुडघे दुखत असताना खाली बसले आणि त्यांनी क्राथोंग पाण्यावर ठेवला. तो काही वेळ पायरीशीच घुटमळला. शेजारच्या एका थाई मुलाने हाताने पाणी ढकलून त्यास प्रवाहात लावून दिले. पुढे इतके दिवे होते, की आमचा कोणता हे थोड्याच वेळात ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही बँकॉकला परतलो. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेला तो चालक उभा होता. मला पाहून तो म्हणाला, "नोक, आलीस?" आणि पिशव्या घेण्यास पुढे झाला. मी काय म्हटले, ते वडिलांनी विचारले. मी सांगितले.

"तो तुला नावानं हाक मारतो," वडील म्हणाले, "आणि तू त्याला सात नंबर म्हणतेस?" त्यांनी खिशातून वही काढली. "विचार त्याला. नाव विचार."

मी विचारले. तो प्रथम संकोचला, मग त्याने हाकेचे नाव सांगितले, आणि त्याच्या मागोमाग आईबापांनी ठेवलेले लांबलचक नावही. वडिलांनी ते दोनदा म्हणवून घेतले आणि रस्त्यावरील दिव्याखाली उभे राहून तारखेपुढे लिहिले. नंतर त्यांनी त्याच्या शेजारच्या चालकाकडे पाहिले. "आणि हा?"