सुरी पुसली, जबाबदारी संपली काय?





पुण्याहून पौड, मुळशीमार्गे माणगावकडे उतरताना ताम्हिणीचा घाट लागतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुट्टीत, लग्नकार्यास वा ईदच्या निमित्ताने या वाटेने ये-जा करतात. घाटाच्या वळणावर कधी दुर्गंधीचा लोट येतो आणि गाडीच्या काचा वर कराव्या लागतात. दरीच्या कडेला फुटलेल्या गोणीतून आतडी, पिसे, खूर बाहेर पडलेले दिसतात. गोणी कोणी टाकली हे आपणास ठाऊक नसते. परंतु आपल्या घरून निघालेली गोणी कोठे जाते, हे तरी आपणास ठाऊक आहे काय?

शिकारीचा हुकूम आणि तिच्या मर्यादा

इस्लामने शिकार वैध ठरविली आहे, पण अटींसह. शिकारी प्राणी वा बाण सोडताना अल्लाहचे नाव घेतले पाहिजे. शिकार पाण्यात पडून बुडालेली आढळली तर ती खाऊ नये, कारण ती बाणाने मेली की पाण्याने याची खात्री राहत नाही (बुखारी, मुस्लिम). इहरामच्या अवस्थेत जमिनीवरील शिकार वर्ज्य आहे (सूरह अल्-माइदा : 95, 96). मक्केच्या हरममध्ये ती निषिद्ध आहे आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेचा परिसरही हरम घोषित करून तेथील शिकारीस मनाई केली (मुस्लिम). एखादा भूभाग राखून ठेवावा, तेथील पशुपक्ष्यांस अभय द्यावे, ही कल्पना मुसलमानास परकी नाही.

आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. ताम्हिणीचे जंगल तर 2013 पासून अभयारण्य आहे. ससा, भेकर, सांबर वा रानकोंबडी मारणे हा गुन्हा आहे, तसेच कोणी आणून दिलेले त्यांचे मांस ‘भेट’ म्हणून स्वीकारणे हाही गुन्हाच आहे. केलेले करार पाळा, असा कुरआनचा आदेश आहे (अल्-माइदा : 1). देशाचे नागरिकत्वही एक करारच आहे. म्हणून आपल्यापुढे आज प्रश्न उरतो तो शिकारीचा नव्हे, तर कायद्याने अनुज्ञेय जनावराच्या जबीहाचा, कुर्बानीचा आणि त्यानंतर उरणाऱ्या अवशेषांचा.

कावळ्याने दिलेला धडा

आदम (अलै.) यांच्या एका पुत्राने आपल्या भावाची हत्या केली. त्या देहाचे काय करावे हे त्यास उमगेना. तेव्हा अल्लाहने एक कावळा पाठविला. तो जमीन उकरू लागला आणि ते पाहून मारेकऱ्यास स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटली (अल्-माइदा : 31). ही घटना मानवी देहाविषयीची आहे. जनावराच्या अवशेषांस दफनविधीचा हुकूम लागू होत नाही, हे स्पष्ट असावे. परंतु जे उघड्यावर राहू नये ते मातीआड करावे, ही शिकवण मानवास फार आरंभीच मिळाली, इतके तर यातून निश्चित समजते.

अवशेषही अमानत आहेत

हज्जतुल विदाच्या प्रसंगी प्रेषितांनी (स.) शंभर उंटांची कुर्बानी केली. ह. अली (रजि.) यांच्यावर देखरेख सोपविताना मांसच नव्हे, तर कातडी आणि उंटांवरील झुलीदेखील दान कराव्यात व त्यांतून खाटकाची मजुरी देऊ नये, असा आदेश दिला (बुखारी, मुस्लिम). म्हणजे कातड्याचाही हिशेब आहे. कुर्बानीचे कातडे विकून पैसा स्वतःसाठी वापरू नये, याविषयी हनफी व शाफई दोन्ही मस्लकांच्या घरांत जाणीव आहे. तीच जाणीव आतड्यांविषयी का असू नये?

एकदा मेलेली बकरी पाहून प्रेषितांनी (स.) विचारले की, तिचे कातडे कमावून उपयोगात का आणले नाही? लोक म्हणाले, ती तर मृत आहे. त्यांनी सांगितले की, निषिद्ध आहे ते केवळ तिचे खाणे (बुखारी, मुस्लिम). उपयोगी ते वाया घालवू नये आणि निरुपयोगी ते इतरांवर लादू नये, हा तोल येथे शिकावयाचा आहे. पाणवठा, रस्ता व सावलीची जागा घाण करणाऱ्यांविषयी हदीसमध्ये कठोर इशारा आहे (अबू दाऊद). याउलट रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच एक भाग सांगितला आहे (मुस्लिम).

ताम्हिणीचे पाणी कोठे जाते?

आता या शिकवणीच्या प्रकाशात घाटाकडे पाहा. 25 जुलै 2024 रोजी नोंदविलेल्या चोवीस तासांच्या पावसाचा आकडा ताम्हिणीत 556 मिलिमीटर होता. काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ. अशा पावसात कडेला टाकलेली गोणी जागेवर थांबत नाही. घाटमाथ्याचे पाणी एका अंगास मुळशीच्या जलाशयात उतरते, तर दुसऱ्या अंगास कुंडलिकेच्या खोऱ्यात. कुंडलिका पुढे कोलाड, रोह्यावरून वाहते. दरीत भिरकावलेली घाण कोणाच्या तरी पाण्यात मिसळते, आणि तो ‘कोणी’ आपलाच नातलगही असू शकतो.

पूर्वी गावाबाहेर टाकलेले जनावर गिधाडे काही तासांत साफ करीत. जनावरांस दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने गिधाडांचा जवळजवळ नायनाट झाला. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तरी गेलेले थवे परतले नाहीत. घाट उतरून गेल्यावर म्हसळा तालुक्यातील चिरगावास त्यांचे मोजके घरटे जपण्याचे प्रयत्न चालू आहेत. आज उघड्यावरील अवशेषांकडे धावतात ती मोकाट कुत्री, आणि कुत्र्यांच्या मागावर वस्तीपर्यंत येतो तो बिबट्या. वडिलांच्या काळी जे चालून गेले, ते आता चालणारे नाही.

शेजाऱ्याचा हक्कही विसरू नये. ताम्हिणी गावात विंध्यवासिनीचे मंदिर आहे. ते गावकऱ्यांच्या श्रद्धेचे ठिकाण आहे. तेथल्या ओढ्यात हाडे-आतडी सापडली तर त्यांची मने दुखावतील आणि बोट संपूर्ण समाजाकडे दाखविले जाईल. न्यायाच्या दिवशी मात्र विचारणा गोणी टाकणाऱ्या हातालाच होईल.

आचरणासाठी काही गोष्टी

1. जबीहा अनुज्ञेय जागीच करावा. शहरात अवशेष महानगरपालिकेच्या नेमलेल्या वाहनात वा केंद्रावरच द्यावेत. कातडे त्याच दिवशी मीठ लावून मदरसा वा संस्थेस पोहोचवावे.

2. गावी स्वतःच्या जमिनीत खड्डा घ्यावा. तो विहीर, झरा व ओढ्यापासून दूर आणि पाणी न साचणाऱ्या जागी असावा. अवशेषांवर चुना टाकून वर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका मातीचा जाड थर दाबावा. प्लास्टिकसह काहीही पुरू नये.

3. खड्डा जनावर आणण्यापूर्वीच खणून ठेवावा. दुपारी दमलेल्या हातांनी खणलेला खड्डा उथळ राहतो.

4. अभयारण्याच्या हद्दीत खड्डाही खणू नये. सहलीतील हाडे व खरकटे डब्यात भरून घरी परत न्यावे.

5. अवशेष नेणाऱ्या मजुरास, ‘कोठे टाकणार?’ हे विचारावे आणि योग्य जागी नेण्याची मजुरी वेगळी द्यावी. कमी पैशात काम उरकून घेऊन त्याने केलेल्या घाणीपासून आपण नामानिराळे राहू शकत नाही.

या कामात मुलांना सोबत घ्या. कुर्बानीच्या वेळी त्यांस दुआ शिकविता, तशी खड्ड्यावर शेवटची माती त्यांच्या हातून टाकवा. अल्लाहपर्यंत मांस वा रक्त पोहोचत नाही, पोहोचतो तो आपला तकवा (सूरह अल्-हज्ज : 37). त्या तकव्याची परीक्षा सर्वांदेखत सुरी चालविताना होते, तशीच कोणी पाहत नसताना घाटाच्या वळणावरही होते.

अल्लाह आपली कुर्बानी स्वीकारो आणि आपल्या हातून कोणाचे पाणी, वाट वा मन मलिन न होवो. आमीन.